अण्णांचे सत्तर टक्के

अण्णांना ‘कसं काय?’ असं विचारू नये. सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या जुन्या मंडळींना हे ठाऊक आहे. फसतो तो नवखा. तो सवयीनं विचारून पुढे निघायच्या बेतात असतो, आणि अण्णा थांबतात. चालता चालता उत्तर देणं त्यांना मान्य नाही. उत्तरात आकडे असतात, आणि आकडा सांगताना माणसानं दोन्ही पायांवर उभं राहावं असा त्यांचा दंडक आहे. ‘‘उजवी चाळीस, डावी पुढची सत्तर, मागची वीस,’’ अण्णा सांगतात. ‘‘एलडीएल अठ्ठावन्न. ट्रायग्लिसराइड एकशे नव्वद आहे, पण तो रिपोर्ट भाऊबीजेनंतरचा, तो धरू नका.’’ मागे एकदा हळदीच्या अडतीतले एक गृहस्थ हे सगळं गंभीरपणे ऐकून घेऊन म्हणाले होते, ‘‘क्विंटलला का?’’

अण्णांनी त्यांना बाकावर बसवलं आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही वाहिन्या काठीनं मातीत काढून दाखवल्या. ते गृहस्थ आता दुसऱ्या फाटकानं येतात.

असा एकेक माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला आजारी म्हणवत नाही, कारण तो आपल्यापेक्षा ताठ चालतो. आजारपण त्याच्याकडे आलेलं नसतं; तोच आजारपणात रुजू झालेला असतो. वेळेवर जातो, वेळेवर येतो, कागद नीट लावतो. अण्णांच्या निळ्या प्लॅस्टिकच्या फाइलवर हिरव्या शाईत लिहिलेलं आहे : ‘हृदय (चालू)’.

हिरवी शाई नोकरीतली. अण्णा एका सहकारी बँकेच्या अंतर्गत तपासणी खात्यातून निवृत्त झाले. उभा जन्म दुसऱ्यांच्या किर्दी आणि खतावण्या तपासण्यात गेला. अण्णा शाखेत येणार म्हटलं की रोखपालाला आदल्या रात्री जेवण जात नसे. तासगावला आठ आण्यांचा फरक निघाला म्हणून अख्खा स्टाफ त्यांनी रात्री साडेदहापर्यंत बसवून ठेवला होता. फरक सापडल्यावर स्वतःच्या खिशातून सगळ्यांना भजी खाऊ घातली, आणि भजी खाताना आठ आणे चुकवणाऱ्या कारकुनाला सांगितलं, ‘‘तू माणूस चांगला आहेस. पण तुझा हातचा राहतो.’’

निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही. काकूंनी वाण्याचं बिल दाखवणं बंद केलं. सोसायटीच्या हिशेबावर अण्णांनी एकदाच शेरे मारले; पुढच्या वर्षी सोसायटीनं सभाच संध्याकाळी सातऐवजी दुपारी दोनला घेतली, अण्णांच्या झोपेच्या वेळेला. माणूस सुकत चालला होता. अशा वेळी श्रावणातल्या एका सोमवारी दंडोबाचा डोंगर चढताना त्यांची छाती दडपली, आणि हृदयानं त्यांच्यापुढे एक नवी वही उघडून ठेवली.

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. त्यातले हे हृदयवाले डॉक्टर वयानं तरुण, अण्णांनी त्यांना हाफ पँटमध्ये पाहिलेलं. ‘‘याच्या वडलांच्या कॅश क्रेडिटवर मी शेरा मारला होता,’’ अण्णा टेबलावर आडवे झाल्यावर मला दारातून सांगत होते. ‘‘माल तारण दाखवला होता, गोदामात निम्मासुद्धा नव्हता.’’ ज्याच्या बापाचं गोदाम आपण उघडं पाडलं त्याच्या हातात आपलं मनगट देताना दुसरा एखादा गप्प बसला असता.

मनगटातून बारीक नळी आत गेली, रंगद्रव्य सोडलं, पडद्यावर काळ्या रेघा फांद्यांसारख्या पसरल्या. अण्णांनी पडल्या पडल्या विचारलं, ‘‘ही काळी रेघ जमा की नावे?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘ही रेघ म्हणजे आतून वाहणारं रक्त. जिथे बारीक दिसतेय तिथे भिंतीवरच्या थरानं वाट अडवलीय.’’ हे वाक्य महत्त्वाचं होतं. पडद्यावर रक्त दिसतं, भिंत दिसत नाही. पण अण्णांनी त्या दिवशी फक्त पुढचा शब्द ऐकला : सत्तर.

आता सत्तर म्हटल्यावर स्टेंट, असं अण्णांनी धरून चाललं होतं. समोरच्या बंगल्यातल्या वकिलांना दोन बसले होते आणि ते दोन जावई मिळाल्यासारखे त्यांचं नाव काढत. शिवाय फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातल्याचं कात्रण अण्णांकडे होतं : औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६०. ‘‘भाव उतरलाय, आणि हे म्हणतात घेऊ नका!’’ डॉक्टरांनी समजावलं. बसल्या जागी छातीत दुखायला लागलं, झटका आला, तर तिथे स्टेंट जीव वाचवतो, त्यात वाद नाही. पण ज्याचं दुखणं स्थिर आहे, चढावरच दडपतं आणि थांबलं की जातं, त्याचं गणित वेगळं. २०१९ साली जाहीर झालेल्या ‘इस्केमिया’ नावाच्या मोठ्या चाचणीत अशा ५,१७९ रुग्णांची दोन गटांत तुलना झाली. चांगल्या औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्यानं त्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र अनेकांचं हलकं झालं. ‘‘तुमची स्ट्रेस टेस्ट बरी आहे. आधी गोळ्या मनापासून घ्या,’’ डॉक्टर म्हणाले.

अण्णा सीडी घेऊन बाहेर पडले. एवढ्या मोठ्या रकमेची नोंद एकाच माणसाच्या सहीवर पास करायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी कोल्हापुरात एकाला दाखवली. तो म्हणाला साठ. पुण्याच्या भाच्यानं तिथल्या एकाला दाखवली. तो म्हणाला पंच्याहत्तर.

‘‘एक व्हाउचर, तीन शिल्लक?’’ अण्णा रात्री आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी त्यांना इतकं दुखावलेलं आधी पाहिलं नव्हतं. छातीचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं. वस्तुस्थिती अशी, की अँजिओग्राफीतला टक्का बहुतेक वेळा डोळ्यांच्या अंदाजानं सांगितला जातो. शेजारच्या धडधाकट भागाशी बारीक भाग ताडून पाहायचा आणि आकडा बोलायचा. दोन अनुभवी डॉक्टरांत दहा-वीसचा फरक पडतो, आणि एकाच डॉक्टरनं तीच फिल्म महिन्यानं पाहिली तर स्वतःशीही पडतो. हे वैद्यकाला १९७०च्या दशकापासून माहीत आहे. म्हणूनच पुढे संशोधनात संगणकानं कडा आखून मोजायची पद्धत आली. अण्णांनी तिन्ही आकड्यांची सरासरी काढून फाइलमध्ये ६८.३३ लिहिलं, कंसात ‘तात्पुरती’ लिहिलं, आणि बोलण्यात सत्तरच ठेवलं. मूळ नोंद कधी खोडायची नसते.

मग गोळी सुरू झाली. रात्रीची, स्टॅटिन गटातली. गोळी घेण्याआधी तिची पूर्वपीठिका तपासणं आलंच, आणि तिथे अण्णांना त्यांचं दैवत भेटलं : अकिरा एंडो. टोकियोच्या सांक्यो कंपनीतला हा जपानी शास्त्रज्ञ. १९७१ पासून त्यानं बुरश्या तपासायला घेतल्या, कारण त्याचा तर्क असा, की जंतूंशी लढताना एखादी बुरशी त्यांचं कोलेस्टेरॉल-उत्पादन बंद पाडणारं रसायन बनवत असणार. सुमारे सहा हजार नमुने त्यानं एकामागून एक पाहिले. क्योटोतल्या धान्याच्या दुकानात तांदळावर आलेल्या निळसर हिरव्या बुरशीनं त्याला १९७३ मध्ये हवं ते दिलं. ‘‘सहा हजार!’’ अण्णा म्हणाले. ‘‘सहा हजार व्हाउचरं तपासली, आणि एकात सापडलं! हा खरा तपासनीस.’’ त्याचं ते पहिलं रसायन औषध म्हणून बाजारात कधी आलंच नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत पहिली स्टॅटिन गोळी आली ती दुसऱ्या बुरशीतून काढलेली, दुसऱ्या कंपनीची. हे कळल्यावर अण्णा दोन दिवस एंडोच्या वतीनं खिन्न होते. याच सुमारास काकूंनी पावाचा बुरसटलेला अर्धा पुडा टाकायला काढला, तर अण्णांनी तो हातातून घेतला. ‘‘रंग बघ. हिरवट आहे.’’ काकूंनी तो परत घेतला आणि टाकला. अण्णांची गोळी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, ती सगळी प्रयोगशाळेत बनते, तिच्यात बुरशीचा कणही नसतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. प्रत्येक दैवताला थोडी राख लागते.

तिसऱ्या आठवड्यात मांड्या दुखायला लागल्या. कागदावर लिहिलेलंच होतं : स्नायूंचे दुखणे संभवते. अण्णांनी संभव तपासला आणि खात्यात नोंदवला. रोज सकाळी उजवी मांडी, डावी मांडी, दहापैकी गुण. काकू आठ दिवस ऐकत होत्या. नवव्या दिवशी त्यांनी टेबलावर गोळ्यांची पट्टी ठेवली. ‘‘मोजा.’’ अण्णांनी मोजल्या. मागच्या मंगळवारपासूनची एकही गोळी कमी झाली नव्हती. अण्णा चुकून रोज रात्री काकूंची कॅल्शियमची गोळी घेत होते.

हसण्यासारखं आहे, पण अण्णा एकटे नाहीत. लंडनच्या डॉक्टरांनी स्टॅटिन न सोसल्यामुळे ती सोडून दिलेल्या ६० जणांना वर्षभराच्या बाटल्या दिल्या होत्या : चार महिन्यांच्या स्टॅटिनच्या, चारच्या तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या, आणि चार रिकाम्या. कुठल्या गोळीत औषध आहे ते त्यांना माहीत नव्हतं. रोजच्या त्रासाचे गुण त्यांनी फोनवर नोंदवले. २०२० मध्ये निकाल आला : स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला त्याच्या नव्वद टक्के बिनऔषधाच्या गोळीनंही झाला. त्रास खोटा नव्हता, मांडी खरीच दुखत होती. फक्त ती गोळीमुळे नाही, गोळी घेतोय या जाणिवेनं दुखत होती. काही थोड्यांना औषधानं खराखुरा स्नायूंचा विकार होतो, म्हणून दुखलं तर डॉक्टरांना सांगावंच. अण्णांनीही सांगितलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक. अण्णांनी फाइलमध्ये ‘मांडी’ या खात्यावर आडवी रेघ मारून ‘बंद’ लिहिलं आणि खरी गोळी घ्यायला लागले. तेव्हापासून मांडी दुखलेली नाही. काकूंचं कॅल्शियम मात्र आता कपाटात कुलपात असतं.

तीन महिन्यांनी एलडीएल १४२ वरून ५८ वर आलं. त्या संध्याकाळी अण्णांनी पेढे वाटले, अर्धा अर्धा. आणि रात्री त्रैराशिक मांडलं. एलडीएल एकोणसाठ टक्क्यांनी उतरलं. कारण निम्म्याहून जास्त गेलं, तर कार्यही तेवढंच जायला हवं. म्हणजे सत्तरचे एकोणतीस. दुसऱ्या दिवशी ते मिरजेला डॉक्टरांपुढे बसले होते. ‘‘दुसरी अँजिओग्राफी करून टाकू. नोंद बदलून द्या.’’

काकू आणि मी सोबत होतो. डॉक्टरांनी कपाळ चोळलं. मग कॉम्प्युटरवर एक लेख उघडला. २००६ सालचा, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या डॉ. स्टीव्हन निसेन यांच्या गटाचा. ‘अ‍ॅस्टेरॉइड’ हे त्या अभ्यासाचं नाव. त्यांनी अडथळ्याचा अंदाज बाहेरून घेतला नाही. वाहिनीत बारीक नळी घातली, तिच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र. ती सेकंदाला अर्धा मिलिमीटर या वेगानं मागे ओढत नेली आणि वाहिनीचे आडवे काप पडद्यावर घेतले. भिंत, भिंतीतला थर, मधली मोकळी जागा, सगळं. मग रोसुव्हास्टॅटिन, रोज ४० मिलिग्रॅम, म्हणजे त्या गोळीची कमाल मात्रा, दोन वर्षं. एलडीएल सरासरी १३० वरून ६१ च्या आसपास आलं.

‘‘माझ्यासारखंच,’’ अण्णा खूश झाले. ‘‘आणि थर?’’

‘‘वाहिनीच्या एकूण घनफळात थराचा जो वाटा होता, तो सरासरी ०.९८ नं कमी झाला.’’

‘‘पट?’’

‘‘टक्का.’’

खोलीत पंखा फिरत होता. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘‘दोन वर्षं, रोज, कमाल मात्रा. आणि एक टक्कासुद्धा नाही?’’

‘‘अण्णा, जगभरात यावर आनंद झाला होता. तोपर्यंत मानत होते की हा थर वाढत जातो, फार तर थांबवता येतो. तो मागे हटताना दिसला!’’

‘‘या वेगानं सत्तरचे एकोणतीस व्हायला,’’ अण्णांची बोटं गुडघ्यावर चालली होती, ‘‘ऐंशीहून जास्त वर्षं.’’ त्यांचं वय तेव्हा बहात्तर. ‘‘वसुलीच्या दृष्टीनं हे खातं संशयितच धरावं लागेल.’’

(त्यांचा हिशेब तसाही चुकला होता. वाहिनीची वाट किती अरुंद आहे हा एक टक्का, आणि वाहिनीच्या घनफळात थर किती आहे हा दुसरा; दोन्ही एका रकान्यात मांडता येत नाहीत. पण त्या क्षणी अण्णांना ‘तुमचा हातचा राहिला’ म्हणायची छाती माझ्यात नव्हती.)

इथून पुढे डॉक्टरांनी जे केलं त्याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. बाहेर रांग होती, तरी त्यांनी दुसरी गोष्ट सांगायला घेतली. सिएटलमध्ये ग्रेग ब्राऊन यांनी १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वाहिन्यांत दोष असलेले पुरुष, अडीच वर्षं, आधी आणि नंतर अँजिओग्राफी, कडा संगणकानं मोजलेल्या. नेहमीच्या उपचारांवर होते त्यांचा अडथळा सरासरी दोनेक टक्क्यांनी वाढला. ज्यांना कडक औषधं मिळाली त्यांचा एक टक्काही पुरता कमी झाला नाही. डोळ्यांना हा फरक दिसणारही नाही. पण झटका, मृत्यू, किंवा दुखणं वाढून करावी लागलेली बायपास-अँजिओप्लास्टी, असं काही ना काही नेहमीच्या उपचारांवरच्या ५२ पैकी १० जणांच्या वाट्याला आलं; कडक औषधांवरच्या ९४ पैकी फक्त ५ जणांच्या.

अण्णांनी मनात भागाकार केला. ‘‘एकोणीस टक्के. आणि सव्वापाच.’’ मग बराच वेळ गप्प. ‘‘टक्का हलला नाही आणि बुडीत कर्जं मात्र पाऊण भागानं घटली? हे कुठल्या हेडखाली टाकणार?’’

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं. ‘‘काकू, पुरणपोळी लाटताना कुठली फुटते?’’

काकूंना प्रथमच कुणी काही विचारलं होतं. ‘‘पुरण सैल आणि वरची कणीक पातळ राहिली की. मोठी असो की लहान.’’

‘‘हेच. भिंतीतला थर म्हणजे आत चरबीचा मऊ गाभा आणि वर टोपी. टोपी पातळ असली, आत दाह असला, की ती फाटते. रक्त आतल्या मालाला लागतं, मिनिटांत गुठळी होते, आणि वाट बंद. तोच झटका. गोळी काय करते? गाभ्यातली चरबी कमी करते, दाह निववते, टोपी जाड करते. आकार तेवढाच राहिला तरी फुटायची भीती घटते.’’

‘‘पुरणपोळी मला बंद आहे,’’ अण्णा खिन्नपणे म्हणाले, ‘‘ती उदाहरणातसुद्धा फुटलेलीच मिळायची.’’

बसमध्ये मात्र ते अस्वस्थ होते. विश्रामबागेपर्यंत बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, ‘‘म्हणजे सत्तरवाली फुटेलच असं नाही. चाळीसवाली फुटू शकते.’’ त्यांनी नेमका मुद्दा पकडला होता. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी झटका आलेल्यांच्या जुन्या अँजिओग्राफी काढून पाहिल्या, तर बहुतेकांना झटका आला ती जागा आधीच्या फिल्ममध्ये निम्मीही अडलेली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी शिकागोच्या सेमूर ग्लागोव्ह यांनी दाखवून दिलं होतं, की थर वाढायला लागला की वाहिनी आधी बाहेरच्या बाजूनं फुगते आणि आतली वाट तेवढीच राखते. थरानं सुमारे चाळीस टक्के जागा व्यापेपर्यंत अँजिओग्राफीत बिचारी निर्दोष दिसते. अण्णांच्या जन्मभराच्या अनुभवाशी हे जुळत होतं. मोठा थकबाकीदार सगळ्यांना माहीत असतो, त्याच्यावर दहा जणांची नजर असते. बँक बुडते ती ज्याच्याकडे कुणी पाहिलं नाही त्याच्यामुळे. त्या रात्रीपासून डाव्या पुढच्या वाहिनीचा मान उतरला आणि उजव्या चाळीसची काळजी सुरू झाली. इतके दिवस तिचा उल्लेख ते ‘आणि इतर’ असा करत. आता आमराईत तिचं नाव आधी.

खरं सांगायचं तर टक्का हलत नाही ही अण्णांची तक्रार मला पटते. पंचाहत्तर वर्षं जुन्या वाड्याचं छत गळायचं थांबलं, हे छताकडे बघून कळतं. इथे औषध आपलं काम करतंय याचा पुरावा काय, तर काही घडलं नाही हा. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या अभ्यासात पाच-साडेपाच वर्षांत बिनऔषधाच्या गटात २५६ माणसं गेली आणि सिम्व्हास्टॅटिनच्या गटात १८२. म्हणजे चौऱ्याहत्तर माणसं जास्त जगली. पण ती कोण, हे त्या चौऱ्याहत्तरांपैकी एकालाही माहीत नाही. आपण त्यातले असू असं मानून रोज रात्री गोळी घ्यायला एक प्रकारचा भाविकपणा लागतो, आणि अण्णांनी देवळातल्या दानपेटीचीही पावती मागितलेली आहे.

दोन वर्षांनी त्यांनी डॉक्टरांना न सांगता सांगलीत एका शिबिरात सवलतीत सीटी स्कॅन करून घेतला. वाहिन्यांतल्या चुन्याचे गुण देणारा. अशा गुणांची पद्धत १९९० मध्ये आर्थर अ‍ॅगॅट्स्टन यांनी बसवली. आदल्या वेळचा आकडा अण्णांकडे होताच, कारण पहिला स्कॅनही त्यांनी न सांगताच केलेला. ३१० चे ३७४ झाले होते. अण्णा फाइल काखेत धरून तडक मिरजेला. ‘‘गोळी खाऊन चौसष्ट वाढले. दोषदुरुस्ती अहवाल द्या.’’

डॉक्टरांना हे बहुधा रोजचंच असावं. स्टॅटिननं चुन्याचा आकडा वाढतो, कमी होत नाही. मऊ गाभा आटतो, त्या जागी चुना धरतो, थर टणक होतो. आणि टणक थर मऊपेक्षा कमी फाटतो. वाहिन्यांचं सीटी चित्रण काही वर्षांच्या अंतरानं पुन्हा घेऊन याची पडताळणी झालेली आहे : स्टॅटिनवाल्यांत थराची एकूण वाढ मंदावते आणि त्यातला चुन्याचा भाग वाढतो. ‘‘म्हणून गोळी चालू असताना हा स्कॅन पुन्हा पुन्हा करायचा नसतो. आणि तुम्हाला रोग आहे हे माहीत असताना तर पहिल्यांदाही करायचा नव्हता.’’

‘‘म्हणजे एलडीएलचा आकडा उतरला तर चांगलं, चुन्याचा चढला तर वाईट नाही, आणि टक्का हलला नाही तरी चालेल,’’ अण्णांनी एकेक बोट दुमडत मोजलं. ‘‘असं तीन रकान्यांत तीन नियमांनी लिहिणारा कारकून मी निलंबित केला असता.’’

तरी घरी येऊन त्यांनी फाइलमध्ये दोन नवे रकाने आखले, ‘मऊ’ आणि ‘टणक’. सहकारी संस्थांना देतात तसा तपासणी वर्गही दिला. पहिल्या वर्षी स्वतःच्या हृदयाला ‘क’ दिला होता, आता ‘ब’. ‘अ’ का नाही, असं मी विचारलं. ‘‘काकूंच्या फोडणीच्या तेलाचा हिशेब अजून मिळालेला नाही.’’ काकूंनी आतून कढई जरा जास्तच जोरात ठेवली. त्यांचं स्वतःचं कोलेस्टेरॉल एकदाही मोजलेलं नाही, आणि मोजू द्यायचा त्यांचा विचारही नाही. डॉक्टरांनी आणि मी, दोघांनीही त्यांना मोजा म्हणून सांगितलं आहे. ‘‘या घरात एक फाइल पुरे,’’ असं त्यांचं म्हणणं.

मधे बरे दिवस गेले. दंडोबा चढताना आता दडपत नाही. अण्णा वरच्या देवळापर्यंत जातात आणि पायऱ्या मोजतात. पण दुसऱ्या अँजिओग्राफीचा हट्ट काही सुटेना. दर भेटीत एकदा तरी. त्याला आळा बसावा म्हणून डॉक्टरांनी एक घोडचूक केली : त्या ‘अ‍ॅस्टेरॉइड’ लेखाची छापील प्रत काढून त्यांच्या हातात दिली. ‘‘हे निवांत वाचा, म्हणजे पटेल.’’

अण्णांनी तो लेख निवांत वाचला. प्रत्येक ओळीखाली फूटपट्टी धरून, शब्दकोश शेजारी घेऊन, कोष्टकातल्या प्रत्येक आकड्यावर हिरवी टिक करत. एका रात्री दहा वाजता आमची बेल वाजली. अण्णा दारात, डोळ्यांत तासगावची चमक.

‘‘सापडलं.’’

‘‘काय?’’

‘‘पाचशे सात जणांना गोळी दिली. दोन्ही वेळचं चित्रण मोजलं ते तीनशे एकोणपन्नास जणांचं. एकशे अठ्ठावन्न माणसं कुठे गेली?’’

मी म्हटलं, काहींनी मधेच सोडलं असेल, काहींचं चित्रण मोजण्याजोगं आलं नसेल. लेखातच दिलं असणार.

‘‘दिलंय, पण जोडपत्र नाही. आणि दुसरं : तुलनेला बिनऔषधाचा गटच नाही. सगळ्यांनाच गोळी. मग शिल्लक कशाशी ताडणार?’’

हा दुसरा आक्षेप जाणकारांनीही तेव्हा घेतला होता. पुढच्या अभ्यासांनी चित्र बरंच पक्कं केलं. २०११ मध्ये हजाराहून जास्त रुग्णांत दोन तगड्या स्टॅटिन एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि दोन्हींत थर साधारण एक-सव्वा टक्क्यानं हटला. २०१६ मध्ये स्टॅटिनच्या जोडीला नवं इंजेक्शन देऊन, आणि या वेळी बिनऔषधाचं इंजेक्शन घेणारा गट शेजारी ठेवून, पुन्हा तेवढाच हटलेला दिसला. हे सगळं मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘तो पुढच्या वर्षांचा ताळेबंद झाला. मी २००६ चा प्रलंबित मुद्दा काढतोय.’’

पत्राचा मसुदा त्यांनी तयार करूनच आणला होता. विषय : १५८ इसमांचा ताळमेळ न लागणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की. इंग्रजी करून द्यायचं काम माझ्याकडे. ‘इसम’ला काय म्हणायचं यावर आमचा अर्धा तास गेला. खाली सही, सहीखाली ‘सेवानिवृत्त तपासणी अधिकारी’, आणि कोपऱ्यात ‘हृदयरुग्ण, वर्ग ब’. मुख्य टपाल कार्यालयातून रजिस्टर्ड केलं. पोच आली, उत्तर आलं नाही. अण्णांनी स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं, मग दोन.

दुसऱ्या अँजिओग्राफीची मागणी त्यांनी सध्या स्थगित ठेवली आहे. मागच्या तपासणीचे मुद्दे निकाली निघाल्याशिवाय नवी तपासणी लावायची नाही, असा खात्याचा नियमच होता म्हणे. डॉक्टरांची प्रत्येक भेट आता सात मिनिटांत उरकते. परवा त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘‘त्या पत्रावर पत्ता तुम्ही बरोबर लिहिला होता का हो?’’

बरोबर लिहिला होता म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.